सामायिक गाडी

सोमवारी सकाळी सहाला इंद्रजितनं मोटरसायकल पत्र्याच्या शेडखाली आणून उभी केली, टाकीचं झाकण उघडलं, नळी आत घातली आणि राहिलेलं पेट्रोल आपल्या कॅनमध्ये काढून घेतलं. पार शेवटच्या थेंबापर्यंत. स्वरूपा समोरच हाताची घडी घालून उभी होती. त्यानं तिच्याकडं बघत बघतच नळी झटकली.

"एक थेंब राहिला बघ," स्वरूपा म्हणाली. "तोंड लावून वड की."

"तुझ्यासाठी ठिवलाय. तीर्थ म्हणून घे."

एवढं बोलून तो कॅन हलवत आपल्या घराकडं गेला. बास. दोघा चुलत बहीणभावांचं महिन्याकाठचं संभाषण एवढंच. टोमणा मारायचा तर तोंड उघडायचं, कामाचा शब्द एकसुद्धा नाही.

काटेवाडीतल्या या दोन घरांची वाटणी होऊन दोन वर्षं झाली होती. वाटणीत ऊस वाटला, म्हशी वाटल्या, बांधावरची दोन चिंचेची झाडंसुद्धा एक तिकडं आणि एक इकडं झालं. विहीर तेवढी सामायिक राहिली, कारण विहीर मधून चिरता येत नाही. चार दिवस पाणी यांना, चार दिवस त्यांना. आणि तशीच सामायिक राहिली ती गाडी.

गाडी सर्जेराव तात्यांनी आणलेली. तात्या म्हणजे दोघांच्या बापांचे थोरले भाऊ. लग्न केलं नाही, साखर कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी दीडशे सीसीची गाडी घेतली, तिचे दिवे काढले, मागचं मडगार्ड कापलं, मातीत पकड घेणारे बटनाचे टायर चढवले आणि मातीच्या रेसला लायक करून टाकली. म्हणाले, "पोरांनी पळवा." कुठल्या पोरांनी, ते सांगायचं राहिलं. मग पाण्याचा न्याय गाडीलाही लागला. चार दिवस याचे, चार दिवस तिचे.

गेल्या हंगामात रेसला इंद्रजितच उतरला होता, कारण स्वरूपाला अठरा पूर्ण नव्हती. चार रेसा केल्या, सगळ्यात वरचा नंबर सातवा. मे महिन्यात स्वरूपाला अठरावं संपलं आणि तिनं दोन्ही घरांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "यंदा मी!"

त्या दिवशी जे भांडण झालं ते पार निरवांगी गावापर्यंत ऐकू गेलं असेल. इंद्रजितची आई भामाबाई म्हणाली, पोरीच्या जातीला हे शोभतं का. स्वरूपाची आई संजीवनी म्हणाली, सातवा नंबर शोभतो का. शेवटी तात्यांनी खाटेवर काठी आपटली.

"एका गाडीला एक नंबर, एका नंबराला एक माणूस. दिवाळी झाली की इंदापूरला हंगामाची पहिली रेस हाय. तिच्या आदल्या रविवारी आपल्या माळावर दोघांनी धा-धा फेऱ्या मारायच्या. ज्याचा वेळ कमी, हंगाम त्याचा. तवर म्या गाडीला बोट लावणार न्हाय. लावलं तर म्हणचाल, तात्यानं एकाची कड घेतली."

झालं. पावसाळ्याचे पाच महिने, रेसा बंद, आणि एका गाडीचे दोन मालक.

इंद्रजित हँडल वर उचलायचा, कारण तो उंच. स्वरूपाची पाळी आली की ती पाना घेऊन हँडल खाली. तो मागची स्प्रिंग कडक करायचा, ती ढिली. तो गाडी चिखलासकट परत द्यायचा. मग तीही द्यायला लागली, आणि वर सीटवर थोडा जास्तीचा थापून. चेन तेवढी दोघंही चमकवायचे, रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन, कारण चेन सुटली तर सुटणार आपल्याच पाळीत. हवेच्या फिल्टरचा स्पंज तर दोघांचे वेगवेगळे! पाळी संपली की आपापला स्पंज काढून घरी. चाकाच्या तारांवर पाना वाजवत स्वरूपा एकेक तार तपासायची. ढिली तार बद्द वाजते, कसलेली टण्ण. टण्ण टण्ण करत ती पूर्ण चाक फिरायची आणि पलीकडून आवाज यायचा, "भजनाला बसली का गं?"

अंगाचं म्हणाल तर इंद्रजितनं बारामतीत जिम लावली. दंड हे एवढे झाले. रोज आरशापुढचा एक फोटो स्टेटसला, खाली दोन फुगलेल्या दंडांची चित्रं. स्वरूपाकडं जिम नव्हती. तिच्याकडं चार म्हशी होत्या.

आता हे हसण्यावारी नेऊ नका. मातीच्या रेसमध्ये माणूस हरतो तो मनगटापासून कोपरापर्यंतच्या जागेत. सहासात फेऱ्या झाल्या की हात भरून येतो, लाकूड होतो, बोटं ब्रेकवर मिटत नाहीत. स्वरूपानं हे गेल्या हंगामात कडेला उभं राहून बघितलं होतं. इंद्रजित चौथ्या नंबरावरून सातव्यावर घसरला तो असाच. म्हणून तिनं जूनमध्ये आईला सांगितलं, "धारा काढायचं मशीन बंद. दोन्ही टायमाला मी हातानं काढणार." चार म्हशी, सकाळ-संध्याकाळ. पहिल्या आठवड्यात तिला केस विंचरता येईनात. ऑगस्टपर्यंत चौथ्या म्हशीखाली बसताना ती गाणं म्हणायला लागली. मान घट्ट व्हावी म्हणून वैरणीचा भारा गाडीवर न टाकता डोक्यावर. कॅनॉलच्या कडेनं सकाळी पाच किलोमीटर पळणं. आणि पायांसाठी, अर्धं बसून, दोन्ही हातात पाण्याच्या बादल्या धरून मोठ्यानं दोनशे आकडे मोजणं.

शेजारची बनाबाई हे बघून म्हणाली होती, "संजीवने, पोरगीला बसायला पाट दे की. अशी का अधांतरी बसलीय?"

इंद्रजितनं कुंपणापलीकडून बघितलं. "म्हशीच्या धारा काढून रेस जिंकती व्हय गं? मग म्हशीवरच बस. यमाचा पहिला नंबर येईल, तुझा दुसरा."

"आणि तुझा सातवा," स्वरूपा म्हणाली. "तुझं रिझर्वेशनच हाय तिथं."

त्यानं कुंपणाला लाथ घातली. तिला त्या दिवशी जेवण दोन घास जास्त गेलं.

पण एक गोष्ट होती, जिला कुणीच हात लावत नव्हतं. इंजिनचं ऑइल. ऑइल काही टाकीतल्या पेट्रोलसारखं पाळी संपली की काढून घेता येत नाही. आज मी टाकलं तर उद्यापासून चार दिवस ते त्याच्याच कामाला येणार. मग मी का टाकू? इंद्रजितचाही हिशेब हाच. इंजिनच्या पोटाला ऑइल बघायची काचेची टिकली असते, ती केव्हाच काळी ठिक्कर पडलेली, आतलं काही दिसत नव्हतं. तात्यांनी खाटेवरून दोनदा विचारलं, "आइल बघितलं का रं कुणी?" दोघांनीही एकमेकांच्या घराकडं बोट केलं.

रविवारवर चाचणी आली आणि त्याच आठवड्यात, बुधवारी दुपारी, माळावर फेऱ्या मारताना स्वरूपाला इंजिनमधून आवाज आला. डब्यात खडे घालून हलवावेत तसा, बारीक. तिनं गाडी बंद केली. ती तशीच ढकलत गाडी घेऊन आली आणि शेडमध्ये डोकं धरून बसली. उद्या सकाळी गाडी त्याची, रविवारपर्यंत त्याचीच. तो तर मेला तरी ऑइल घालणार नाही. इंजिन बसलं तर कसली चाचणी आणि कसला हंगाम!

काळं ऑइल काढून नवं भरायचं तर पूर्ण लिटर लागणार. लिटर! त्यातला निम्मा त्याच्या बापाचा? मुळीच नाही. तिनं बाटली आणली आणि मोजून अर्धा लिटर आत ओतला. आपला वाटा, निम्मा. आवाज गेला. बाटली तिनं वैरणीखाली लपवली आणि गुरुवारी सहाला गाडी देताना याबद्दल चकार शब्द काढला नाही. उलट म्हणाली, "नीट चालव. रविवारी मला लागणारे."

"रविवारी तू टाळ्या वाजवायला ये," तो म्हणाला.

रविवारी दुपारी माळावर दोन्ही घरं दोन बाजूंना बसली, मधे तात्या खाटेवर, हातात मोबाईलचं घड्याळ. इंदापूरच्या रेसचा फॉर्म भरून त्याचा फोटो संध्याकाळी पाचपर्यंत पाठवायचा होता. नाणं उडवलं, इंद्रजितची पाळी पहिली निघाली.

तो सुटला तोच मागून ढगासारखा निळा धूर निघाला. बनाबाई पदर नाकाला लावून म्हणाली, "डासाची गाडी आली वाटतं गावात." गाडी मूठ पिळली की गुदमरायची, सोडली की पळायची. इंद्रजित शिव्या देत पिळत राहिला. दहा फेऱ्या, अकरा मिनिटं चाळीस सेकंद. उतरला तो हेल्मेट आपटतच उतरला.

"हिनं कायतरी केलंय! तात्या, हिच्या पाळीत काय केलंय ते विचारा!"

"चार दिवस गाडी कुणाकडं हुती रं?" स्वरूपा भडकली. "तूच कायतरी केलंस. तात्या, आधी गाडी बघा, मग मी बसते."

"का? मला जशी मिळाली तशीच हिला द्या. धुरातच पळव!"

तात्यांनी मान डोलावली. इंद्रजितचं म्हणणं बरोबर होतं. स्वरूपा दात खात गाडीवर बसली.

पण तिनं इंद्रजितच्या दहाही फेऱ्या कान देऊन ऐकल्या होत्या. गाडी ओरडली की गुदमरत होती. मग ओरडू द्यायचीच नाही! तिनं एक गिअर वरचाच ठेवला, जसा भरलेला उसाचा ट्रॅक्टर इंजिनाला ओरडू न देता काढतात तसा, आणि वळणावर ब्रेक कमी मारून वेग राखला. धूर निम्मा झाला. दहा फेऱ्या, अकरा मिनिटं बावीस.

संजीवनीनं एवढ्या जोरात शिट्टी मारली की तिची तीच लाजली.

"धुरात जिंकलीस," इंद्रजित म्हणाला. "थू."

तात्या पाच महिन्यांनी पहिल्यांदा पाना घेऊन गाडीखाली बसले. खालचा नट सोडला, गरम काळं ऑइल घमेल्यात पडलं. मग ते त्यांनी लिटरच्या रिकाम्या बाटलीत ओतलं. बाटली काठोकाठ भरली. दुसरी घेतली, तीही निम्मी भरली. दीड लिटर. इंजिनचं माप एक लिटरचं; वरचं अर्धं जळूनच तो निळा धूर येत होता.

"कुणी वतलं?" तात्यांनी हळूच विचारलं.

इंद्रजितचं तोंड उतरलं. "म्या," तो म्हणाला. "काल राती. अर्धा लिटर. पाच महिनं हिनं थेंब घातला नसंल म्हणून... म्हणलं, माझ्या वाट्याचं तरी घालावं."

"आरं येड्या! लिटरभर आत हुतं आणि वरनं अर्धा वतलास? फिटरच्या घरात जल्मलास व्हय!"

आणि मग सगळी हसली. त्याचा बापसुद्धा हसला. बनाबाई म्हणाली, "जिममधी दंड वाढलं, डोस्कं तेवढंच राहिलं." इंद्रजित खाली मान घालून उभा. कानाच्या पाळ्या लालभडक. हाच क्षण होता, ज्याची स्वरूपा दोन वर्षं वाट बघत होती. तिनं तो बघितला, डोळे भरून बघितला. जिंकली होती ती. फॉर्म तिचा, हंगाम तिचा. फक्त तोंड बंद ठेवायचं होतं, आणि तोंड बंद ठेवायचा तर तिला पाच महिन्यांचा सराव होता.

पण "धुरात जिंकलीस" हे जे तो बोलला होता, ते तिच्या कानात माशीसारखं अडकून बसलं. इंदापूरला ती पहिली आली तरी हा असाच कुठंतरी कडेला उभा राहून म्हणणार, धुरात निवडली होती. आणि खोटं नसणार ते. त्याच्या तोंडून खरं ऐकून घ्यायचं? त्यापेक्षा शेणात हात घातलेला बरा.

"हसू नका," ती म्हणाली. "अर्धं माझं हाय."

"काय?"

"आत अर्धंच राहिलं हुतं. बुधवारी अर्धं म्या घाटलं. मग ह्यानं. मला सांगितलं असतं तर..."

"मी तुला सांगू?" इंद्रजित उसळला. "तू मला सांगितलंस?"

"तुला का सांगू?"

"मग मी का सांगू?"

तात्यांनी पाना जमिनीवर फेकला. "पाच महिनं! पाच महिनं अर्ध्या लिटरवर पळवली माझी गाडी! म्हसरं बरी तुमच्यापेक्षा, एका दावणीला पाणी तरी पित्यात." ते धापा टाकत खाटेवर बसले. मग ते म्हणाले, "नवं आइल आणा. लिटरभर. परत धा फेऱ्या. दोघांच्या."

संजीवनीनं पोरीकडं असं बघितलं की बस्स. "अगं गप बसली असतीस तर काय जीभ झडली असती का?" ती पुटपुटली. स्वरूपा पाणी प्यायला गेली.

गाडीतला उरलेला धूर निघून जायला एक फेरी लागली. ती तात्यांनी स्वतः मारली, धोतर खोचून. फिल्टरचा स्पंज ऑइलनं भिजला होता, तो काढून दुसरा घातला. मग इंद्रजित बसला.

आणि काय पळवली त्यानं! स्वरूपाचा जीव खाली-वर. पहिल्या पाच फेऱ्यांत तो मघाच्या मानानं कितीतरी पुढं होता. उडी घेताना तो हवेत इतका सहज सुटायचा की ते तिला आजही जमत नव्हतं, आणि हे तिला दिसत होतं, आणि ते दिसतंय याचाच तिला राग येत होता. सहावी फेरी. सातवी. आठव्या फेरीत लिंबाच्या झाडाजवळच्या वळणावर तो लांब बाहेरच्या कडेला गेला. नवव्यात पुन्हा. ती कडेला जाऊन उभी राहिली. त्याची उजव्या हाताची बोटं ब्रेकवर नुसती ठेवलेली होती, मिटत नव्हती. मघाच्या दहा आणि आताच्या आठ, अठरा फेऱ्यांत ते जिमचे दंड लाकूड झाले होते. दहा मिनिटं छत्तीस.

उतरल्यावर तो गुडघ्यावर बसला आणि दातांनी हातमोजे ओढून काढले. कुणाकडं बघितलं नाही.

स्वरूपा बसली. हँडल त्याच्या उंचीला होतं. बदलायला वेळ मागितला असता तर मिळाला असता, पण मागितला नाही तिनं. पहिल्या चार फेऱ्यांत तात्या आकडा ओरडायचे आणि प्रत्येक आकडा त्याच्यापेक्षा जास्तच. पाचव्या फेरीला ती सहा सेकंद मागं होती. भामाबाई मोठ्यानं म्हणाली, "झालं, जा आता म्हशी बघा." स्वरूपाला हेल्मेटमधूनही ते ऐकू गेलं. सातव्या फेरीत हात दुखायला लागला. दुखू दे. दुखणारा हात निदान मिटत होता! मूठ, सोड, मूठ, सोड. आठव्याला लिंबाच्या वळणावर तिनं त्याच्या चाकोरीच्या आतून गाडी काढली. नवव्याला तात्या आकडा ओरडायचेच विसरले. दहाव्या फेरीला ती ओरडत होती, हेल्मेटच्या आत, काहीतरी, बहुतेक शिव्याच.

दहा मिनिटं एकतीस.

या वेळी शिट्टी वाजली नाही. संजीवनी तोंडावर हात ठेवून उभी होती. स्वरूपानं गाडी कशीबशी उभी केली आणि उतरली तर हात हँडलच्याच आकारात राहिलेले, वाकडे.

तात्यांनी फॉर्म काढला. चष्मा घरी राहिला होता. संजीवनीला त्या इंग्रजी रकान्यांतलं काही कळेना. स्वरूपानं पेन घेतलं तर ते बोटांतून निसटून पडलं, दोनदा. साडेचार वाजले होते.

इंद्रजितनं पेन उचललं. "आण हिकडं," तो म्हणाला. "तुझ्यानं व्हायचं न्हाय." गेल्या वर्षी त्यानं हे रकाने चार वेळा भरले होते. तो गाडीच्या सीटवर कागद ठेवून, डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरून लिहायला लागला. नाव, गाव, वय, रक्तगट.

"रक्तगट काय?"

"बी पॉझिटिव्ह."

"वाटलंच, बी. 'ए' कुठला तुझा." त्यानं लिहिलं. मग पुढचा रकाना वाचला, थांबला आणि ठळक, मोठ्या अक्षरात लिहिलं. स्वरूपा वाकून बघत होती. रेसचा अनुभव, शून्य.

"खोड ते!"

"का? केलीस का एक तरी रेस?"

"शून्य काय लिहितोस! मोकळं सोड."

"मोकळं सोडलं तर फॉर्म घेत न्हाईत." त्यानं कागद तिच्यापुढं सरकवला आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं. "कर सही. बाई हायस म्हणून पहिल्या वळणावर कुणी रस्ता देणार न्हाय तितं. मला पण दिला नव्हता. आत दाबत्यात, कोपरं मारत्यात."

"मग मी काय मोकळे हात घेऊन चाललेय का?"

तिनं दोन्ही हातांनी पेन धरलं. सही तीन ठिकाणी उडाली, गुंतली, शेवटचा काना कागदाबाहेर सीटवर गेला. इंद्रजितनं फोटो काढला, पाठवला, खाली दोन निळ्या खुणा आल्या आणि तो कपडे झटकून उठला. तीन पावलं जाऊन परत आला. खिशातून पाना काढून त्यानं हँडलचा नट सैल केला आणि हँडल खाली दाबायला लागला.

"गाडीला हात लावू नको!" स्वरूपा किंचाळली.

"गप," तो म्हणाला. "किती खाली, ते बोल फक्त."